मयताच्या फोनवर आलेला ओटीपी

नोव्हेंबर २०१८ च्या अखेरीस जेराल्ड कॉटन या तीस वर्षांच्या कॅनेडियन तरुणाने मृत्युपत्र केलं. घरं, विमान, शिडाची बोट, सगळ्याची व्यवस्था त्यात होती. पाळलेल्या दोन चिवावा कुत्र्यांच्या देखभालीसाठीही त्याने एक लाख डॉलर बाजूला काढले होते. त्यानंतर बाराव्या दिवशी, ९ डिसेंबरला, भारताच्या सहलीवर असताना जयपूरच्या एका खासगी रुग्णालयात तो दगावला. क्रोन्स नावाच्या आतड्याच्या जुन्या दुखण्याने अचानक उचल खाल्ली होती.

कॉटन ‘क्वाड्रिगा सीएक्स’ नावाचं क्रिप्टो-चलनाच्या खरेदीविक्रीचं ऑनलाइन एक्स्चेंज चालवत होता. ग्राहक ७६ हजारांवर, आणि त्यांचं देणं सुमारे साडेएकवीस कोटी कॅनेडियन डॉलर. जानेवारी २०१९ मध्ये त्याच्या निधनाची बातमी बाहेर आली, तीसोबत दुसरीही आली: ग्राहकांचं चलन ज्या ‘कोल्ड वॉलेट’मध्ये, म्हणजे इंटरनेटपासून तोडलेल्या साठ्यात, ठेवलंय त्याच्या चाव्या एकट्या कॉटनकडे होत्या, त्याचा लॅपटॉप एन्क्रिप्ट केलेला आहे आणि पासवर्ड बायकोला माहीत नाही. कुत्र्यांची आठवण ठेवणारा माणूस पासवर्ड लिहून ठेवायला विसरला, म्हणून जगभर हळहळ झाली.

पुढे न्यायालयाने नेमलेल्या लेखापालांनी वॉलेट तपासली तेव्हा ती कित्येक महिन्यांपूर्वीच रिकामी झालेली निघाली. २०२० मध्ये ऑन्टारिओच्या रोखे आयोगाने अहवाल दिला की हा धंदाच फसवणुकीचा होता. खोट्या खात्यांमधून, खोट्या शिलकीवर कॉटन ग्राहकांच्या पैशाने सट्टा खेळत होता. म्हणजे हरवलेल्या पासवर्डची म्हणून सांगितली जाणारी ही गोष्ट मुळात पासवर्डची नाहीच. तरीही वारसा कायद्याच्या दृष्टीने ती फार बोलकी आहे. कित्येक आठवडे बायको, ग्राहक, न्यायालय यांपैकी कुणालाच सांगता येत नव्हतं की समोरची तिजोरी बंद आहे की रिकामी. लोखंडी तिजोरी गॅस कटरने तरी उघडता येते.

वारसा म्हणजे दोन प्रश्न असतात. मालकी कुणाची, आणि वस्तू ताब्यात कशी घ्यायची? घर, शेत, दागिने यांच्या बाबतीत हे दोन प्रश्न फारसे लांब नसतात. शेतकरी गेला की तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज जातो, फेरफार होतो, सातबाऱ्यावर नावं चढतात. वेळ लागतो, खेटे पडतात, भाऊबंदकी होते, पण वाट ठरलेली आहे. ज्या सातबाऱ्यांवर वर्षानुवर्षं मयतांचीच नावं राहिली होती, ती बदलायला महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीमही काढली. डिजिटल मालमत्तेत मालकीचा प्रश्न लोकांना वाटतो तेवढा अवघड नाही. अडतं ते ताब्यापाशी.

मालकीचं आधी उरकून घेऊ. डीमॅट खात्यातले शेअर, वॉलेटमधली शिल्लक, यूट्यूब चॅनेलचं येणं, क्रिप्टो, वेबसाइटचं नाव, या सगळ्यांसाठी वेगळा वारसा कायदा भारतात नाही आणि त्यामुळे फारसं बिघडतही नाही. मृत्युपत्र असेल तर भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५, नसेल तर ज्याचा त्याचा वैयक्तिक कायदा. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे मुलगे, मुली, विधवा आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस. वडील दुसऱ्या वर्गात. हिंजवडीत नोकरी करणारा अविवाहित मुलगा अपघातात गेला, तर त्याच्या म्युच्युअल फंडावर आईचा हक्क. वडिलांनी त्याच्या शिक्षणाचं कर्ज फेडलेलं असलं तरी. विवाहित स्त्रीचं गणित आणखी चमत्कारिक आहे. तिने स्वतः कमावलेली मालमत्ता, मूलबाळ आणि नवरा हयात नसेल तर, आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिचे आईवडील त्यानंतर. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिंदू स्त्रियांना मृत्युपत्र करून ठेवण्याचं आवाहन केलं त्यामागे हेच कलम होतं. स्वतःच्या पगारातून स्वतःच्या नावाने एसआयपी करणाऱ्या मुलींपैकी कितींना हे माहीत असेल, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

वारसाहक्काने आलेल्या मालमत्तेवर भारतात कर नाही. इस्टेट ड्युटी १९८५ मध्येच रद्द झाली. क्रिप्टोची कायदेशीर जात कोणती, हा वादही बराच निवळला आहे. २०२२ च्या अर्थसंकल्पाने त्याला ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ म्हणून नफ्यावर तीस टक्के कर लावला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वझीरएक्स या एक्स्चेंजच्या प्रकरणात स्पष्ट म्हटलं की क्रिप्टो-चलन ही मालमत्ता आहे. ती बाळगता येते, विश्वस्त म्हणून दुसऱ्यासाठी सांभाळताही येते. मालमत्ता म्हटली की ती वारसांकडे जाणार हे ओघानेच आलं.

मराठी घरांत सगळ्यात मोठा घोळ असतो तो नॉमिनीचा. ‘मी नॉमिनी आहे, म्हणजे पैसे माझे’ हे वाक्य बँकेच्या काउंटरवर रोज ऐकू येतं. त्याचा निकाल लागला तो एका अशा नावाच्या निमित्ताने, जे महाराष्ट्रातल्या घराघरांतल्या भिंतीवर टांगलेलं असतं. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगांवकर यांनी जून २०११ मध्ये मृत्युपत्र केलं आणि ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या म्युच्युअल फंडांतल्या गुंतवणुकीवर काही कुटुंबीयांची नावं नॉमिनी म्हणून होती. ती गुंतवणूक नॉमिनींची, की सगळ्यांबरोबर इस्टेटीचा भाग?

प्रश्न कागदावर साधा, पण मुंबई उच्च न्यायालयात आधीच पेच झालेला होता. २०१० मध्ये एका विधवेचा दावा त्याच न्यायालयाने फेटाळला होता. नवऱ्याने डीमॅट खात्यावर पुतण्याला नॉमिनी केलं होतं, आणि एकलपीठाने कंपनी कायद्यातल्या शब्दांवर बोट ठेवून सांगितलं की शेअर पुतण्याचे झाले. हा निर्णय बाजारात पाच वर्षं फिरला. कितीतरी जणांनी त्याच्या भरवशावर मृत्युपत्राऐवजी नॉमिनेशनचा फॉर्म भरून हात झटकले असतील. साळगांवकर प्रकरणात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०१५ मध्ये तो चुकीचा ठरवला, २०१६ मध्ये खंडपीठाने त्यांना दुजोरा दिला आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं: नॉमिनेशन ही उत्तराधिकाराची तिसरी वाट नव्हे. कंपनीला किंवा फंडाला जबाबदारीतून लवकर मोकळं होता यावं म्हणून केलेली ती सोय आहे. नॉमिनी पैसे घेतो. मालक ठरतो तो मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने. (आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांच्याच मालकीची होते. अपवाद लक्षात ठेवावा असा आहे, कारण एजंट तोच नियम म्हणून सांगतात.)

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला एकाऐवजी चार नॉमिनी लावता येतात, ठेवीत कुणाला किती टक्के हेही लिहिता येतं. चांगली सोय. पण टक्केवारी लिहायला जागा मिळाल्यामुळे हा फॉर्म आता पूर्वीपेक्षाही जास्त मृत्युपत्रासारखा दिसतो, आणि त्यातून नवे गैरसमज नक्की निघणार.

आता ताब्याकडे वळू.

घरातला कर्ता माणूस गेला. दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले, आणि मुलीच्या हातात वडिलांचा फोन आहे. दवाखान्यात चार्जिंग संपून तो बंद पडला होता, त्यामुळे सुरू केल्यावर बोटाचा ठसा चालत नाही, पिनच लागतो. आणि ठसा द्यायला ते बोट आता राहिलेलंही नाही. जन्मसाल टाकून पाहिलं, स्कूटरचा नंबर टाकून पाहिला, शेवटी आईच्या वाढदिवसावर फोन उघडला. मग कळायला लागतं की वडिलांचा सगळा संसार या चार इंची काचेमागे होता. म्युच्युअल फंडाचं विवरण छापील येणं कधीच थांबलंय, ते ईमेलवर येतं. ईमेलचा पासवर्ड बदलायचा तर ओटीपी याच नंबरावर. बँकेचं ॲप याच सिमला बांधलेलं. विजेचं बिल, सोसायटीचा मेंटेनन्स, दोन ओटीटींची वर्गणी आणि एसआयपी खात्यातून आपोआप कापल्या जातायत. बँकेला मृत्यूची खबर लागेपर्यंत कापल्या जाणारच.

त्या क्षणी बहुतेक घरांत जे होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. दवाखान्याचं बिल भागवायला मुलगी वडिलांच्या यूपीआयवरून स्वतःच्या खात्यात रक्कम वळती करते. ओटीपी येतो, ती टाकते, व्यवहार होतो. यंत्राच्या लेखी वडील जिवंत आहेत. कायद्याच्या लेखी खातेदाराने दिलेली परवानगी, मुखत्यारपत्रसुद्धा, त्याच्या मृत्यूबरोबर संपते. उद्या भावाने हिशेब मागितला तर ती रक्कम इस्टेटीत परत दाखवावी लागेल. आणि दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिक हेतूने वापरणं माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ६६-सी कलमाखाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. बिल भागवणाऱ्या मुलीचा हेतू अप्रामाणिक नसतो, हे खरं. पण खातं रिकामं करून गप्प बसणारा भाऊही नेमकं तेच बटण दाबतो, आणि बँकेच्या नोंदीत दोघांचे व्यवहार सारखेच दिसतात.

दुसरी चूक उलट्या टोकाची. ‘आता कोण वापरणार’ म्हणून रिचार्ज बंद करणं. बंद पडलेला मोबाइल नंबर किमान नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देता येतो. २०२३ मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा दूरसंचार नियामकाने हेच सांगितलं आणि न्यायालयाने त्यात बदल केला नाही. व्हॉट्सॲप खातंही सुमारे १२० दिवस वापर नसेल तर पुसलं जातं. म्हणजे वर्षश्राद्धाच्या आत वडिलांचा नंबर भलत्याच माणसाच्या खिशात असू शकतो, आणि ज्या खात्यांवर तो बदललेला नाही त्यांचे ओटीपीही. मृत्यूचा दाखला आणि केवायसी देऊन सिम कुटुंबीयांच्या नावावर करून घेता येतं. इतर अर्जांच्या आधी करायचं काम हे आहे, आणि ते कुणीच सांगत नाही, कारण मोबाइलच्या दुकानाला वारसा कायद्याशी कर्तव्य नसतं आणि वकिलाला रिचार्जशी.

बँकांकडे अडकून पडलेल्या पैशाचा आकडा या सगळ्या विस्कळीतपणाचा अंदाज देतो. दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. मार्च २०२४ अखेर ही रक्कम ७८,२१३ कोटी रुपये होती. सगळेच खातेदार मेलेले नसतील, काही विसरभोळेही असतील. ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘उद्गम’ पोर्टलवर नाव आणि पॅन किंवा जन्मतारीख टाकून वेगवेगळ्या बँकांमध्ये एकदम शोध घेता येतो. गुंतवणुकीसाठी पॅनवर निघणारं एकत्रित विवरण, म्हणजे कॅस, हाच वारसाचा सर्वांत विश्वासू साक्षीदार: शेअर आणि फंड एका कागदावर. फक्त तो कागद ईमेलवर येतो. शेवटी ईमेल हाच किल्ल्यांचा जुडगा, आणि जुडगा ज्या खुंटीला अडकवलेला असतो ती परदेशातल्या कंपनीची.

अशी कंपनी वारसाला काय म्हणते, याचा पहिला गाजलेला झगडा अमेरिकेत झाला. नोव्हेंबर २००४ मध्ये इराकमध्ये एक तरुण मरीन सैनिक मारला गेला. त्याची पत्रं म्हणजे याहूवरच्या ईमेल. वडिलांना त्या हव्या होत्या. याहूने करारातलं कलम दाखवलं: खातं हस्तांतरणीय नाही, खातेदाराबरोबर त्याचे हक्क संपतात. अखेर २००५ मध्ये मिशिगनच्या प्रोबेट न्यायालयाने आदेश काढला आणि कंपनीने मजकूर सीडीवर भरून दिला. पासवर्ड दिला नाही. फरक बारीक आहे, आणि पुढच्या सगळ्या वादाचं मूळ त्यातच आहे: मजकूर देणं वेगळं, खात्यात शिरू देणं वेगळं.

तो वाद तडीस नेला बर्लिनमधल्या एका आईबापांनी. २०१२ मध्ये त्यांची पंधरा वर्षांची मुलगी भुयारी रेल्वेखाली गेली. अपघात की आत्महत्या, हे कळत नव्हतं. गाडीच्या चालकाने मानसिक धक्क्याची भरपाई मागितली होती, म्हणजे प्रश्न केवळ मनाच्या समाधानाचाही राहिला नव्हता. मुलीचा फेसबुकचा पासवर्ड आईकडे होता. पण कुणीतरी मृत्यूची खबर दिल्यामुळे कंपनीने ते खातं ‘स्मृती’ अवस्थेत टाकलं होतं, आणि त्या अवस्थेत बरोबर पासवर्डही चालत नाही. २०१५ मध्ये खालच्या न्यायालयाने आईच्या बाजूने निकाल दिला. २०१७ मध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरवला. मुलीशी गप्पा मारणाऱ्या इतरांच्या संदेशांची गुप्तता त्याला मोलाची वाटली. १२ जुलै २०१८ रोजी जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने पुन्हा आईबापांच्या बाजूने कौल दिला. युक्तिवाद सरळ होता. पत्रं आणि रोजनिशी वारसांकडे जातात, मग त्यात कितीही खासगी का असेना. तोच मजकूर सर्व्हरवर आहे म्हणून न्याय बदलत नाही. करार वारसांकडे जातो, आणि करारातून मिळणारा प्रवेशही. राहिला संदेश पाठवणारा. खात्यावर पाठवलेलं कुणी तिसरा कधीच वाचणार नाही याची खात्री त्याला जिवंतपणीही नसते.

इतकं झाल्यावर फेसबुकने काय केलं? चौदा हजारांवर पानांची पीडीएफ पेनड्राइव्हवर भरून पाठवली. ज्याने कधी स्वतःचं सोशल मीडिया खातं ‘डाउनलोड’ करून पाहिलंय त्याला हा छळ कळेल: धागा तुटलेले संदेश, कुणी कशाला उत्तर दिलं याचा पत्ता नाही. ऑगस्ट २०२० मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावलं की खात्यात प्रवेश द्या, मुलीला दिसत होतं तसं आईबापांना दिसलं पाहिजे. मुलीला जाऊन तोवर जवळजवळ आठ वर्षं झाली होती.

विकत घेतलेल्या डिजिटल वस्तूंचं प्रकरण त्यामानाने किरकोळ, पण लोकांना चटका लावणारं. २०१२ मध्ये अफवा उठली होती की ब्रूस विलिस हा हॉलिवूडचा नट आयट्यून्सवरची गाणी मुलींना देता यावीत म्हणून ॲपलवर खटला भरणार आहे. बायकोने ती खोटी असल्याचं सांगितलं, तरी गोष्ट टिकली, कारण तिच्यातलं दुखणं खरं होतं. ई-पुस्तक, गाणं, गेम आपण ‘विकत घेतो’ तेव्हा बहुधा मिळतो तो हयातीपुरता परवाना. गेमच्या ‘स्टीम’ या दुकानाने २०२४ मध्ये एका ग्राहकाला साफ सांगितलं की मृत्युपत्राने खातं कुणाला देता येणार नाही. आजोबांच्या कपाटातली ग्रंथसंपदा नातवाला मिळते, किंडलमधली मिळेलच असं नाही.

भारतात या बाजूला अजून बर्लिनसारखा टोकाचा निकाल नाही, पण तुकडे जमू लागलेत. मेलेल्याची खासगी बाब वारसांना मिळते का? जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांच्या अर्जावर म्हटलं की खासगीपणाचा आणि प्रसिद्धीचा हक्क व्यक्तीबरोबर संपतो, तो वारशात उतरत नाही. उलट लेखनाचा हक्क माणसाहून दीर्घायुषी असतो: लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट वारसांकडे. म्हणजे एखाद्या कवीने ईमेलच्या ड्राफ्टमध्ये शंभर कविता ठेवल्या असतील, तर त्या छापायचा हक्क मुलांचा, पण त्या वाचायला खातं उघडून देणं कंपनीच्या मर्जीवर. कागदी वही असती तर हा प्रश्नच आला नसता.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात मात्र एक नवी गोष्ट आहे. कलम १४: मृत्यूनंतर किंवा असमर्थ झाल्यावर आपल्या वतीने माहितीविषयीचे हक्क बजावायला प्रत्येकाला एक व्यक्ती नेमता येईल. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, बहुतांश कामाच्या तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. हे हक्क माहिती मागण्याचे, दुरुस्त करण्याचे, पुसून टाकायला लावण्याचे आहेत. वॉलेटमधला पैसा या नेमलेल्या व्यक्तीला मिळणार नाही. बँकेचा नॉमिनी, डीमॅटचा नॉमिनी, विम्याचा नॉमिनी आणि आता माहितीचा नॉमिनी: एकाच माणसाच्या मागे चार वेगळ्या अर्थांचे नॉमिनी उभे राहणार आहेत, आणि चौघांनाही आपण वारस आहोत असं वाटणार आहे.

गोव्यात याला आणखी एक पदर आहे. तिथे पोर्तुगीज दिवाणी संहितेतून आलेली व्यवस्था आज २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्यात नांदते. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, अर्धी बायकोचीच. उरलेल्या अर्ध्यातला अर्धा हिस्सा मुलांसाठी राखीव, तो मृत्युपत्रानेही तोडता येत नाही. म्हणजे मडगावचा एखादा बोटीवर काम करणारा माणूस सगळी क्रिप्टो धाकट्याला द्यायची ठरवून त्याच्या हातात पासवर्ड ठेवून गेला, तर त्याला मनाप्रमाणे देता येण्यासारखा हिस्सा होता फार तर पाव. शिवाय वाटणीसाठीच्या ‘इन्व्हेंटरी’ प्रक्रियेत कुटुंबप्रमुखाला शपथेवर सगळ्या मालमत्तेची यादी द्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये गोंयकाराच्या मुंबईतल्या मालमत्तेलाही गोव्याचाच कायदा लावला. सर्व्हर कुठे आहे याने यादी टळेल, या भ्रमात राहू नये.

मग जाणकार लोक करतात काय? ते दोन कागद वेगळे ठेवतात. मृत्युपत्र सांगतं कुणाला द्यायचं. त्यावर मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, पण कर्त्याची सही आणि दोन साक्षीदार हवेतच. दुसऱ्या कागदावर असतं कुठे काय आहे: कोणती बँक, कोणतं डीमॅट, कोणती एक्स्चेंज, ईमेल कोणता, फोनचा पिन काय. पासवर्ड मृत्युपत्रात लिहिणं हा शुद्ध वेडेपणा, कारण नोंदलेल्या मृत्युपत्राची नक्कल कर्त्याच्या मृत्यूनंतर अर्ज करणाऱ्या कुणालाही मिळू शकते. क्रिप्टो स्वतःच्या वॉलेटमध्ये असेल तर बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्दांचा ‘सीड फ्रेज’ हीच मालमत्ता. ज्याने कागद वाचला त्याने ती उचलली, आणि मग दिवाणी न्यायालयाची डिक्री हातात घेऊन कुणाच्या दारात जायचं? अशा शब्दांचा कागद लॉकरमध्ये, आणि लॉकर जोडीदाराबरोबर संयुक्त नावाने. बँक खातं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’. ॲपलच्या फोनवर २०२१ पासून ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ नेमता येतो. त्याला मिळणारी चावी जपून ठेवावी लागते आणि ती मृत्यूच्या दाखल्याबरोबर चालते, तरी साठवलेले पासवर्ड त्यातून मिळत नाहीत. फेसबुकचा नेमलेला माणूस श्रद्धांजली लिहू शकतो, खासगी संदेश वाचू शकत नाही.

गूगलची सोय सर्वांत जुनी, एप्रिल २०१३ ची. खातं तीन, सहा, बारा किंवा अठरा महिने निपचित राहिलं तर दहापर्यंत नेमलेल्या माणसांना निरोप जातो आणि ठरवलेला मजकूर उतरवून घेता येतो. नेमणूक केलेलीच नसेल तर दोन वर्षं न वापरलेलं खातं कंपनी पुसू शकते. त्याच पानावर तळाशी आणखी एक पर्याय असतो: मुदत संपली की सगळं नष्ट करा.

या एका खुणेची कायद्यातली किंमत देशागणिक बदलते. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी २०१५ चा नमुना कायदा स्वीकारलाय. त्यात कंपनीच्या साधनावर केलेली निवड मृत्युपत्रालाही मागे सारते. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीने मृत्युपत्र, आणि कोणत्याही नावाने केलेली तत्सम व्यवस्था, इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजांच्या मान्यतेतून वगळली आहे. संगणकावर टाइप करून, छापून, साक्षीदारांसमोर सही केलेलं मृत्युपत्र चालतं. व्हॉट्सॲपवरचा निरोप, ईमेल किंवा व्हिडिओ मृत्युपत्र ठरत नाही, आणि गूगलच्या पानावरची खूणही नाही. त्यामुळे पुण्यातल्या एखाद्या छायाचित्रकाराने तिथे मित्राचं नाव घालून ठेवलं असेल, तर तीस वर्षांचे फोटो मित्राच्या संगणकावर उतरतील आणि त्यांचा कॉपीराइट विधवा, मुलं आणि आईकडे जाईल. मित्र आणि वारस यांपैकी कुणालाही एकट्याने त्या फोटोंचं पुस्तक काढता येणार नाही.